विग घेताना केसांची दिशा पाहा

चेन्नईहून बंगळूरुकडे निघालं की महामार्गावर इरुंगाट्टुकोट्टै लागतं. याच भागातून वायव्येला गेलं की मुरुगनचं देवस्थान, तिरुत्तणी. तिरुपतीप्रमाणे इथेही नवस फेडायला भाविक मुंडण करतात. देवस्थानं हे केस लिलावात विकतात आणि जगभरच्या उत्तम विगांसाठी ते जातात. लांब केसांच्या आधी जुड्या बांधतात, मग वस्तरा फिरतो. त्यामुळे सगळ्या केसांची मुळं एकाच टोकाला राहतात.

विगचा दर्जा बराचसा केसांच्या या दिशेवरच ठरतो. प्रत्येक केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे झुकलेले. दिशा एक असेल तर केस एकमेकांवरून सरकतात. उलटसुलट मिसळले की खवले अडकून गुंता होतो. दिशा राखलेल्या केसांना व्यापारात ‘रेमी’ म्हणतात. आपल्याकडे ‘केसांवर भांडी’ अशी हाळी देणाऱ्या बायका जे गुंतवळ नेतात, त्यात मुळं आणि टोकं मिसळलेली असतात. असे केस सोडवल्यावर बहुतेकदा आम्लाने त्यांचे खवले काढतात आणि वर सिलिकॉनचा लेप देतात. दुकानात तो विग जास्तच चमकतो. काही वेळा धुतला की लेप जातो आणि मानेपाशी गाठी होऊ लागतात.

म्हणून चमकेवर जाऊ नका. एक बट चिमटीत धरून बोटं टोकाकडून मुळाकडे न्या. किंचित खरखर लागली तर खवले शाबूत आहेत. दोन्हीकडून सारखीच गुळगुळीत लागली तर किमतीबद्दल पुन्हा विचार करा.

केसांच्या लांबीवर खर्च करण्यापेक्षा आतल्या टोपीवर करावा, असं मला ठामपणे वाटतं. मुंबईच्या दमटपणात लोकलने रोज जाणारीला हवा खेळती ठेवणारी, हलकी, मागे पट्टीने कमी-जास्त करता येणारी टोपीच सोसते. भांगापाशी आणि कपाळावर जाळीत एकेक केस गाठवलेला असेल तर विग ओळखू येत नाही. बजेट कमी असेल तर चांगला कृत्रिम धाग्याचा विगही वाईट नाही. धुतल्यावरही त्याची ठेवण टिकते. मात्र रोज वापरला तर काही महिन्यांतच तो विरतो आणि उष्णता त्याला सहसा चालत नाही. फोडणीची वाफ किंवा ओव्हनची झळ लागली तरी धागे आखडतात. स्वयंपाकघरात रुमाल बांधा.

खोबरेल तेल विगला लावू नका. डोक्यावर उगवलेल्या केसाला तेल टाळूतून मिळतं, विगवर लावलेलं तेल नुसती धूळ धरतं. आठ-दहा वेळा घातल्यावर, उन्हाळ्यात त्याआधीच, धुवा. आधी कोरड्या केसांचा गुंता टोकाकडून वर सोडवायचा, मग कोमट पाण्यात सौम्य शांपू. चोळायचं नाही, पिळायचं नाही. कंडिशनर फक्त केसांच्या लांबीला. जाळीतल्या गाठींना लागला तर त्या सुटतात आणि केस गळतात. टॉवेलने दाबून पाणी टिपा आणि स्टँडवर सावलीत वाळवा.

किमोथेरपी घेणाऱ्यांसाठी एक विनंती. केस बहुधा पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. तेव्हा दुकानं धुंडाळण्याची ताकद नसते. उपचार सुरू होण्याआधीच जा, म्हणजे तुमच्या केसांचा रंग आणि ठेवण कारागिराला समोर दिसेल. केस गेल्यावर डोक्याचं माप थोडं कमी होतं, तेव्हा टोपी घट्ट करता येते का, हे आधीच विचारून घ्या. आणि आत घालायला मऊ सुती टोपी बरोबरच घ्या.