बाटलीवरचं वय आणि पेल्यातला वास

जपानी व्हिस्कीच्या बाटलीवर 17 किंवा 21 असा आकडा दिसला, की किंमत चढते आणि चाखणाऱ्याचं मत पेला हाती येण्याआधीच ठरून जातं. आकडा खोटा नसतो. पण तो सांगतो एवढंच, की मिश्रणातली सर्वांत कोवळी व्हिस्कीदेखील तेवढी वर्षं पिंपात होती. निक्का कंपनीची ‘ताकेत्सुरू’ घ्या. ही ब्लेंडेड माल्ट, म्हणजे एकाहून अधिक डिस्टिलऱ्यांमधल्या, पण निव्वळ मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कींचं मिश्रण. 1918 मध्ये स्कॉटलंडला शिकायला गेलेले निक्काचे संस्थापक मासाताका ताकेत्सुरू यांनी 1934 मध्ये होक्काइदोतल्या योइचीला डिस्टिलरी उभारली. तिथली भांडी दगडी कोळशाच्या आचेवर तापतात आणि व्हिस्की जड, धुरकट उतरते. निक्काच्याच 1969 मधल्या मियागिक्यो डिस्टिलरीची भांडी वाफेवर चालतात. तिची व्हिस्की मऊ, फळांच्या वासाची. ‘ताकेत्सुरू’त या दोघींचा तोल साधला की नाही, हे आकडा सांगू शकत नाही.

वय म्हणजे काय, हे खानदेशच्या उन्हात चांगलं उमगतं. पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत साधारण 2 टक्के, गोव्यात पॉल जॉन डिस्टिलरीच्या कोठारात सुमारे 8 टक्के. या हिशेबाने 17 वर्षांनी पहिल्या पिंपात 70 टक्क्यांच्या आसपास माल उरेल, दुसऱ्यात जेमतेम 24. मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकणाऱ्या जळगाव-भुसावळात पिंप ठेवलं, तर ही घट आणखी वाढेल, आणि कोरड्या हवेत अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडून उरलेला माल कडक होत जाईल. गरम प्रदेशातलं एक वर्ष म्हणजे थंडीतली तीन, हे विक्रेत्यांचं गणितही मला पटत नाही. उष्णतेने लाकडाचा अर्क लवकर सुटतो. हवेच्या संथ स्पर्शाने होणारे बदल मात्र त्याच वेगाने होत नाहीत. त्यामुळे भारतीय माल्ट हा वयस्क जपानी माल्टचा स्वस्त पर्याय नाही, ते वेगळंच पेय आहे. बंगळुरूच्या अमृत फ्यूजनला 2010 च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये जिम मरे यांनी 100 पैकी 97 गुण दिले, तेव्हा तिच्या बाटलीवर वय छापलेलंच नव्हतं.

मग जोखायचं कशावर? नाकावर. तोंडाशी निमुळता पेला, बर्फ नाही, बाटली झाकलेली. रंगावर विसंबू नये, कॅरॅमल मिसळायला जपानमध्येही मुभा आहे. आधी तसाच वास घ्यावा, मग थेंब थेंब पाणी घालून. ग्वायाकोल हा धुरकट वासाचा रेणू पाणी घातल्यावर पृष्ठभागाशी जमतो, असं स्वीडिश संशोधकांनी 2017 मध्ये संगणकीय प्रारूपातून दाखवलं. लाकूड जळतानाही तोच सुटतो, त्यामुळे कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत ज्याने खाल्लंय त्याला तो अनोळखी नाही. पिकल्या केळ्याच्या वासातलं आयसोअमाइल ॲसिटेट व्हिस्कीची बार्ली आंबवताना यीस्टही तयार करतं. ते ओळखायला रावेर-यावलच्या माणसाला परदेशी शब्दसूची कशाला हवी? चव ज्याची त्याची, असा आक्षेप येईल. आवड ज्याची त्याची, हे मान्य. पण तीन पेल्यांत दोन सारखे ठेवून वेगळा ओळखायला लावलं, की फरक कुणाला खरंच कळतो ते उघड होतं. फार काळ पिंपात राहिलेल्या व्हिस्कीचा दोषही नेमका सांगता येतो: फळ दबतं आणि शेवटी जीभ कोरडी पाडणारा लाकडी तुरटपणा उरतो.

आकडाच नसेल तर गिऱ्हाईक फसेल, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. परदेशी व्हिस्की जपानी म्हणून खपवली जात होतीच. 2021 मध्ये उत्पादक संघटनेने जपानमध्येच ऊर्ध्वपातन आणि लाकडी पिंपात किमान 3 वर्षं, असे निकष घातले, पण ते सदस्यांपुरते. तेव्हा हमी म्हणून आकडा जरूर वाचावा. निक्काने 2020 मध्ये 17, 21 आणि 25 वर्षांची ताकेत्सुरू थांबवली, ती जुना साठा पुरेना म्हणून. चवीत खोट निघाली म्हणून नव्हे. आज त्या बाटल्यांना जे दाम पडतात, त्यात टंचाईचा वाटा मोठा. आत काय आहे ते बूच काढल्यावरच कळायचं, आणि इतकी महाग बाटली घेणारे बरेचजण बूच काढतच नाहीत.