पासपोर्ट काढताना आधी नाव जुळवा, मग फॉर्म भरा

हसनाबाद आणि आसपासच्या गावांतल्या गटांच्या सगळ्या ताया, काकू, खाला, आजी, आणि भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्याजणी, तुम्हाला नमस्कार, सलाम आणि जय भीम.

आज पासपोर्टबद्दल बोलायचंय. हसू नका! मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर एका ताईनं विचारलं, "पासपोर्ट काढायला मुंबईला जावं लागतं का?" तेव्हाही सगळ्या हसल्या. "तुला कुठं जायचंय विमानात?" म्हणाल्या. पण मी विचार केला. आपल्या गटातल्या दोघींना हजला जायचंय. एकीचा मुलगा आखातात कामाला आहे. एकीची नात नर्सिंग शिकतेय. आणि एक आपल्या काकू आहेत, त्यांची गोष्ट तर मला सांगायचीच आहे, कारण त्यात माझीही चूक आहे.

काकूंची लेक दुबईला असते. तिला दिवस गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "बाळंतपणाला मला जायचंय. पासपोर्टाचं काय करू?" मी घाईत होते. म्हटलं, "दुकानात जाऊन ऑनलाइन भरून घ्या." दुकानदारानं शाळेचा दाखला पाहिला आणि त्यावरचं माहेरचं नाव फॉर्मवर टाकलं. आधार कार्डावर मात्र सासरचं नाव. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, तुम्ही कधी नाव बदललंय का? तिथं त्यानं "नाही" केलं. १,५०० रुपये फीचे काकूंकडून ४,००० घेतले. पावती एकच दिली, तीही १,५०० ची.

ठरलेल्या दिवशी काकू केंद्रावर गेल्या. तिथल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "ह्या दोघी एकच कशावरून?" काकूंच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालीत, पण लग्नाची नोंद कुठंच नव्हती. मग ग्रामपंचायतीत नोंद करा, साक्षीदार आणा, अर्ज दुरुस्त करा, परत तारीख घ्या. ऐन कापूस वेचणीचे दिवस. दोन महिने गेले. तेवढ्यात लेक बाळंत झाली. बारसं काकूंनी मोबाईलवर पाहिलं. मला म्हणाल्या, "पाळण्याची दोरी मोबाईलमधून ओढता येत नाही गं."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हणून आज सगळं नीट सांगते.

पहिली गोष्ट, मुंबईला जावं लागत नाही. २०१७ पासून सरकारनं टपाल कार्यालयांमध्येच पासपोर्ट सेवा केंद्रं उघडायला सुरुवात केली. ऑनलाइन अर्ज भरताना केंद्रांची यादी येते. त्यातून जालना किंवा छत्रपती संभाजीनगर, जे सोयीचं ते निवडायचं. सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येता येतं.

दुसरी गोष्ट, कुणाची परवानगी लागते का? नाही. "मालकाची सही लागते का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. सज्ञान बाईला स्वतःच्या पासपोर्टसाठी नवऱ्याची सही लागत नाही. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं हेच स्पष्ट सांगितलं. लग्न झालं म्हणून बाईची स्वतःची ओळख संपत नाही, असं त्या निकालाचं म्हणणं. त्याही आधी, १९७८ साली मनेका गांधींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की परदेशी जाण्याचं स्वातंत्र्य हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्यांचा पासपोर्ट सरकारनं कारण न सांगता जमा करायला लावला होता. म्हणजे पासपोर्ट मागताना आपण कुणाची मेहेरबानी मागत नाही.

नवरा सोडून गेलेल्या किंवा घटस्फोट झालेल्या बहिणींनीही घाबरू नये. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे झाले. फॉर्मवर आई किंवा वडील, एकाचं नाव दिलं तरी चालतं. वेगळ्या राहणाऱ्या बाईनं नवऱ्याचं नाव द्यायलाच हवं असं नाही. मुलाचा पासपोर्ट काढताना आईवडील दोघांची संमती मागतात, तिचा कागद म्हणजे अनेक्झर डी. पण बापाचा पत्ताच नसेल, तर एकटी आई अनेक्झर सी भरून अर्ज करू शकते. हे सगळं साध्या कागदावर लिहून सही करायचं. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको.

आता मुख्य मुद्दा. नाव.

आपल्याकडे लग्न झालं की बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. त्यात इंग्रजी स्पेलिंग. "सुनीता" कुणी एका "आय"नं लिहितं, कुणी दोन "ई" लावून. आपल्याला वाचताना एकच, पण तिथल्या कॉम्प्युटरला त्या दोन वेगळ्या बाया.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एक काम करा. पेटीतले सगळे कागद बाहेर काढा. आधार, मतदान कार्ड, पॅन कार्ड, पासबुक, शाळेचा दाखला. चटईवर एका रांगेत मांडा. लेकीला किंवा सुनेला बसवा आणि प्रत्येकावरचं नाव, जन्मतारीख आणि इंग्रजी स्पेलिंग वहीत लिहायला सांगा. कुठं फरक आहे ते अर्ध्या तासात कळेल.

फरक दिसला तर आधी तो दुरुस्त करा. पण आधारवरची दुरुस्ती जपून करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून घाईनं बदलू नका, कोणता कागद पक्का आहे ते ठरवून मगच बदला.

लग्नाची नोंद नसेल तर ती करून घ्या. आपल्या राज्यात १९९८ च्या कायद्यानं लग्नाची नोंद होते आणि खेड्यात ग्रामसेवक हेच निबंधक असतात. लग्न जुनं असलं तरी नोंद होते. खरं तर नव्या पासपोर्टला विवाह नोंदणीचा दाखला प्रत्येकीला लागतोच असं नाही. सगळे कागद सासरच्या नावाचे असतील तर कुणी मागत नाही. पण काकूंसारखं दोन नावांचे कागद असतील, तर तोच दाखला दोन नावांना जोडतो.

आणि "नाव बदललंय का?" या प्रश्नाला खरं उत्तर द्या. "हो" म्हटल्यानं अर्ज नाकारत नाहीत. उलट खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. फॉर्म दुकानदारानं भरला तरी सही आपली असते.

नावाच्या दोन चौकटी असतात. एकीत आपलं नाव आणि मधलं नाव, दुसरीत फक्त आडनाव. पुष्कळ फॉर्म इथंच चुकतात.

कागद कोणते लागतात? पत्त्यासाठी आधार चालतं. फोटो लावलेलं बँकेचं पासबुकही चालतं, आपल्या ग्रामीण बँकेचं सुद्धा. पतसंस्थेचं चालत नाही. गटाचं पासबुक तर अजिबात नेऊ नका, ते गटाचं आहे! जन्मतारखेसाठी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पॅन किंवा मतदान कार्ड यांपैकी एक. मात्र १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकरांना फक्त जन्मदाखलाच लागतो. तेव्हा नातवंडांची जन्मनोंद वेळेत करा.

फी मोठ्या माणसाला १,५०० रुपये, पासपोर्ट १० वर्षं चालतो. लहान मुलांना १,००० रुपये, तो ५ वर्षं किंवा १८ वर्षांचं होईपर्यंत. पहिलाच पासपोर्ट काढणाऱ्या ६० वर्षांवरच्या आजींना फीत १० टक्के सूट आहे. तत्काळ हवा असेल तर २,००० रुपये जास्त. फी ऑनलाइनच भरायची. गुगलवर सरकारी वाटतील अशा खोट्या साइट असतात. खऱ्या साइटच्या पत्त्यात शेवटी "गव्ह डॉट इन" असतं, ते बघून मगच पैसे भरा. शंका आली तर १८०० २५८ १८०० हा पासपोर्ट सेवेचा फुकटचा फोन आहे. फॉर्म भरून देणाऱ्याला त्याच्या मेहनतीचे पैसे द्या, पण आधी ठरवून. आणि छापील फॉर्म हातात घेऊन, वाचून मगच "पाठव" म्हणा.

ठरलेल्या दिवशी मूळ कागद आणि त्यांच्या सही केलेल्या झेरॉक्स घेऊन जा. फोटो आणि बोटांचे ठसे तिथंच घेतात. सही येत नसेल तर अंगठा चालतो.

नंतर पोलीस पडताळणी असते. आपल्या हसनाबादच्या ठाण्यातून फोन येतो किंवा पोलीस घरी येतात. त्याची वेगळी फी नसते, ती १,५०० मध्येच आली. शेजारच्या दोघांची नावं फॉर्मवर दिलेली असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. ऊसतोडीला किंवा पुण्याकडे कामाला जाणार असाल, तर गावी असाल तेव्हाच अर्ज करा. दिलेल्या पत्त्यावर सापडला नाहीत तर शेरा उलटा जातो. सगळं ठीक असेल तर स्पीड पोस्टानं पासपोर्ट घरी येतो. पोस्टमन तो ओळखपत्र बघून तुमच्याच हातात देतो.

हजला जाणाऱ्या बहिणींसाठी एक गोष्ट. २०१८ पासून ४५ वर्षांवरच्या बायांना मेहरमशिवाय, गटानं हजला जाता येतं. तेव्हा सोबत कुणी नाही म्हणून पासपोर्ट थांबवू नका. आणि नेपाळला पशुपतिनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनो, तुम्हाला मतदान कार्डावरही जाता येतं.

एक सावधगिरी मात्र प्रत्येकीनं ऐकायची. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा "ईसीआर" असं येतं. म्हणजे आखातासह १८ देशांत नोकरीला जायचं तर सरकारची मंजुरी लागते. लेकीला भेटायला जायचं तर ती लागत नाही. अशा पासपोर्टवर ३० वर्षांखालच्या बाईला त्या देशांत कामाला जायला मंजुरीच मिळत नाही. कुणी म्हणालं, "भेटीच्या व्हिसावर नेतो, तिथं घरकाम लावून देतो," तर तिथंच थांबा. एजंट नोंदणीकृत आहे का, ते ई-मायग्रेट या सरकारी साइटवर बघता येतं. तिथं नाव नसेल तर पैसेही देऊ नका आणि पासपोर्टही देऊ नका.

काकूंचं पुढं काय झालं? त्यांचा पासपोर्ट आला. नातू सात महिन्यांचा होता तेव्हा त्या गेल्या. दीड महिना राहून आल्या. आता गटात कुणीही पासपोर्टाचं नाव काढलं की काकू आधी म्हणतात, "पेटी आण तुझी."

तर पुढच्या बैठकीला सगळ्याजणी आपापले कागद घेऊन या. कुठं जायचं नसलं तरी आणा. नाव जुळलेलं असलं की कर्जाला, पेन्शनला, वारसाच्या नोंदीला, सगळीकडे उपयोगी पडतं. लेकीचा फोन आला, तर निदान कागदावाचून अडायला नको.

भेटू मग, पेटीसकट.