मालवणच्या ताटातला बांगडा आणि किनाऱ्यावरची रापण

भिलाई : येथून समुद्र चारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, तरीही या पोलादनगरीचे समुद्राशी नाते आहे. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी लागलेले सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद ‘सेल’च्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांनी पुरविले. २ सप्टेंबर २०२२ रोजी ही नौका नौदलात दाखल झाली. त्याच समारंभात शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेल्या नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले.

शिवकालीन आरमाराची सर्वांत ठळक खूण म्हणजे मालवणसमोरचा सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या बांधकामास प्रारंभ झाला. चहूबाजूंनी खारे पाणी असताना किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी मात्र गोडे आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे. सुटीत येणारा पर्यटक किल्ला पाहतो आणि किनाऱ्यावर येऊन मासे जेवतो. त्या जेवणामागची मासेमारी मात्र सहसा त्याच्या दृष्टीस पडत नाही.

रापण ही येथील जुनी पद्धत. होडीतून जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगांत उभी राहिलेली माणसे ते तासन्‌तास ओढतात. जाळे वाळूवर आले की मासळीचे वाटे पडतात : ओढणाऱ्यांचे, जाळ्याचे, होडीचे. ऐनवेळी दोराला हात लावणाऱ्यालाही मूठभर मासळी मिळते. बाजारभावात न मावणारी ही रीत आहे.

रापणीची मर्यादा उघड आहे. मासा किनाऱ्याजवळ आला तरच ती चालते. बांगडा आणि तारली थव्याने फिरतात. पर्ससीन जाळे असा थवा खोल पाण्यातच वेढते आणि बटव्याच्या नाडीप्रमाणे तळाचा दोर आवळून तो सबंध उचलते. मग किनाऱ्याकडे येणार ते काय? पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यातील संघर्षाचे मूळ येथे आहे. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने या मासेमारीवर मर्यादा आणल्या आणि राज्याच्या जलधिक्षेत्रात तिला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ ठेवला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत पसरलेल्या पाण्यात गस्त घालणे हे मात्र आदेश काढण्याइतके सोपे नाही. पर्ससीनधारकही कर्ज काढून नौका बांधणारे कोकणातलेच लोक आहेत, हेही ध्यानात घ्यावे लागते.

दुसरा ताण पर्यटनाचा. जाळे ओढण्यास मोकळी वाळू लागते. तीच वाळू आता जलक्रीडांनाही हवी आहे. मच्छीमार कुटुंबांतील अनेक तरुण पर्यटकांना होडीतून किल्ल्यावर नेतात. त्यात उत्पन्न अधिक निश्चित आहे.

खाणावळीत पर्यटक बहुधा पापलेट किंवा सुरमई मागतो. घरातले जेवण मात्र बांगड्यावर आणि तारलीवर चालते. ओले खोबरे व लाल मिरचीचे वाटण, आंबटपणाला कोकम आणि बांगड्याचा उग्र वास मारण्यासाठी ठेचलेली तिरफळे. सोबत भात आणि सोलकढी. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी किमान दोन महिने बंद असते. तेव्हा हीच घरे सुक्या मासळीवर भागवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केला की होड्या पुन्हा पाण्यात उतरतात.