मिठाच्या खड्यात जीव किती काळ तग धरतो?

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी १९३०च्या दशकात मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचे चर्मालय चालवले. ओले कातडे लगेच कुजू लागते, म्हणून या धंद्यात जगभर त्याला मीठ लावून ठेवतात. तरीही खारवलेल्या कातड्याच्या मांसाकडच्या बाजूवर कधी कधी तांबडे डाग उमटतात. हे डाग मिठातूनच आलेल्या सूक्ष्मजीवांचे असतात. त्यांच्यापैकी हॅलोबॅक्टेरियम सलिनॅरम या जातीची ओळख ज्यावरून ठरते तो प्रमाण वाण खारवलेल्या गाईच्या कातड्यावरूनच मिळाला आहे. जून २०२०मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेलाही कारण सापडले ते याच कुळातले. तेव्हा मिठात जीव जगतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो किती काळ जगतो, याचा.

मीठ इतर जिवाणूंच्या पेशीतले पाणी ओढून घेते. वर सांगितलेले लवणप्रेमी सूक्ष्मजीव, म्हणजे आर्किया, मात्र पेशीतच पोटॅशियमचा भरपूर साठा करून हा ताण तोलून धरतात. गोड्या पाण्यात त्यांच्या पेशी फुटतात. मिठागरातले पाणी आटून खडा बनतो, तेव्हा त्याच्या आत खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकतात आणि त्यांच्यासोबत हे जीवही. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतल्या २२ ते ३४ हजार वर्षांपूर्वीच्या खड्यांतून शास्त्रज्ञांनी असे जीव वाढवून दाखवले. पेशी आकसून बारीक झाल्या होत्या. सोबत ड्युनालिएला या शेवाळाच्या पेशीही होत्या. त्यांच्यातले ग्लिसरॉल हेच बहुधा या जिवांचे अन्न.

सन २०००मध्ये याहून मोठा दावा झाला : न्यू मेक्सिकोतल्या २५ कोटी वर्षांपूर्वीच्या मिठातून जिवाणू जिवंत केल्याचा. खड्याचा पृष्ठभाग आम्ल आणि अल्कलीने काटेकोरपणे निर्जंतुक केला होता, त्यामुळे हाताळणीतल्या संसर्गाची शंका बरीच कमी होते. पण त्या जिवाणूचे जनुक मृत समुद्रातल्या आजच्या जातीशी जवळजवळ तंतोतंत जुळले. यावर समर्थक म्हणतात, खड्यात निपचित पडलेला जीव बदलणार कसा? मुद्दा बरोबर, पण अर्धाच. मोकळ्या पाण्यात पिढ्यानपिढ्या वाढणारा त्याचा भाऊबंद तरी एवढ्या काळात बदलायलाच हवा होता. शिवाय मीठ सहज विरघळते आणि त्याचे पुन्हा खडे बनतात. म्हणून थराचे वय हेच आतल्या थेंबाचे वय, असे धरून चालत नाही.

हा भेद मंगळासाठीही महत्त्वाचा आहे. तिथल्या दक्षिणेकडच्या उंच प्रदेशात क्लोराइड क्षारांचे साठे असल्याचे २००८मध्ये जाहीर झाले. त्या मिठात जीव शोधणे योग्यच, कारण पृथ्वीवर मीठ हे जिवाचे घर असल्याचा पुरावा आपल्यापाशी आहे. पण उद्या तिथला नमुना हाती आला, तर त्यात जीव आहे का याइतकाच हा थेंब कधी बंद झाला, हा प्रश्नही विचारायला हवा. त्याचे उत्तर मिळेपर्यंत कोट्यवधी वर्षांचा आकडा जाहीर करू नये.