पतिपत्नींचा दुसरा प्रवास

विवाहानंतर नवदांपत्य चार दिवस कोठे तरी फिरून येते. पुढे संसाराच्या रगाड्यात दोघांचाच असा प्रवास क्वचितच घडतो. विवाहाच्या रौप्यमहोत्सवाची मिस्सा सांगण्यास आलेल्या एका दांपत्यास आम्ही सहज विचारले, "दोघेच मिळून शेवटचे कोठे गेला होतात?" पत्नी खाली पाहत म्हणाली, "इस्पितळात, फादर." ते उत्तर आम्हांस अद्याप विसरता आलेले नाही.

आम्ही त्यांस जुने गोवे सुचविले. आमच्या बेळगावकडील कुटुंबांस ते दूर नाही. सन १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत; तेथे दोघांनी शेजारी शेजारी गुडघे टेकावेत. समोर सें कॅथेड्रल आहे. त्याचा एक मनोरा १७७६ साली कोसळला. दुसरा एकटाच उभा आहे. तो पाहून जोडीदाराचे मोल मनात यावे.

मग व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जावे व फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेट गाठावे. तेथील टेकडीवर पिएदादचे चर्च आहे. खाली शेते व नदी दिसतात. तेथे निवांत बसावे. मुलांची फी, कर्जाचे हप्ते हे विषय घरीच ठेवून एकमेकांस केवळ इतके विचारावे, "तुझे मन कसे आहे?"

काना गावच्या लग्नात सेवकांनी प्रथम रांजण पाण्याने काठोकाठ भरले. द्राक्षारस त्यानंतर झाला. प्रिय पतिपत्नींनो, एका दिवसाचे पाणी आपण भरावे. पुढचे प्रभू पाहील.