खेळ कुणाचा, नियम कुणाचे?

मोबाइलवरचे आणि संगणकावरचे खेळ हा विषय आंबेडकरी दैनिकाच्या पानावर यावा काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. शिष्यवृत्ती, आरक्षण, अत्याचाराचे खटले, गायरान जमिनी असे जिव्हाळ्याचे प्रश्न समोर असताना हा पोरखेळ कशाला? आमचे म्हणणे असे की, आपली मुले जिथे रोजचे दोन-दोन तास घालवतात ती जागा चळवळीने न पाहता सोडून देणे परवडणारे नाही. कीर्तन, नाटक, सिनेमा, दूरदर्शनच्या पौराणिक मालिका यांतून कोणता विचार बहुजनांच्या डोक्यात पेरला गेला हे आपण चांगले ओळखून आहोत. मग व्हिडिओ गेमकडेच डोळेझाक का? म्हणून गेले काही महिने आम्ही हे खेळ स्वतः खेळून पाहिले. काही मोबाइलवर खेळलो, काही पुण्यात नोकरीला असलेल्या नात्यातल्या तरुणाच्या संगणकावर. त्यात जे दिसले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रथम जुन्नर आणि आंबेगाव या आमच्या परिसराची परिस्थिती सांगितली पाहिजे. इथे दिवस मावळला की वस्तीवरची मुले घरात घेतली जातात. उसात बिबट्या आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले, यावरूनच या तालुक्यांची अवस्था ध्यानात यावी. अंधार पडल्यावर मूल मैदानावर पाठवायला कुठली आई धजेल? आई-बाप दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून आलेले, घर एका खोलीचे, पुस्तकांचे कपाट नाही, वाचनालय नाही. अशा घरात मुलाच्या हातात मोबाइल जातो तो लाडामुळे नव्हे, दुसरे काही नाही म्हणून जातो. तेव्हा 'पोरे बिघडली' असा शेरा मारण्याआधी त्यांना आपण दुसरे काय दिले, याचा हिशेब समाजाने करावा.

मुलांच्या हातात सर्वाधिक दिसतात ते बंदुकीचे खेळ. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये आणि फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली, पण पहिला बीजीएमआय या नावाने परतला आणि दुसऱ्याची 'मॅक्स' आवृत्ती चालूच राहिली. खेळाची रीत सोपी आहे. विमानातून छत्री घेऊन बेटावर उतरायचे, हत्यारे शोधायची, सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जाते आणि शेवटी जो उरेल तो जिंकला. आम्ही बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांतच मेलो, हा भाग वेगळा. पण एक गोष्ट आमच्या लक्षात आली. या बेटावर प्रत्येक जण रिकाम्या हाताने उतरतो. पाटलाचा मुलगा असो की त्याच्या शेतावरच्या मजुराचा, सुरुवात एकाच ठिकाणी. गावात जी बरोबरी मिळत नाही ती दहा-वीस मिनिटे इथे मिळते. आपल्या मुलांना या खेळाची ओढ का लागते, त्याचे एक कारण आम्हाला इथे दिसले.

परंतु ही बरोबरी फार वेळ टिकत नाही. चौघांच्या संघात बोलण्यासाठी माइक असतो. ओळख होते, गाव विचारले जाते आणि मग आडनाव. आडनाव कळल्यावर बोलण्याचा सूर बदललेला आम्ही आमच्या कानांनी ऐकला. खेळाडूंच्या टोपणनावांत जातीच्या अभिमानाची बिरुदे उघड मिरवली जातात. आपली काही मुले आडनाव लपवतात आणि काही मुले नावापुढे 'जय भीम' लावून बेधडक उतरतात. त्या दुसऱ्या मुलांचे आम्हाला कौतुक वाटले. यात नवीन काही नाही. शंभर वर्षांपूर्वी याच पुण्यात पाळवणकर बाळू गोलंदाजी करीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चांभार समाजातला खेळाडू. त्यांच्या हातचा चेंडू सवर्ण सहकारी झेलत होते, चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. मैदान बदलले, भांडे बदलले. जात माइकवरून येते, एवढाच फरक.

या खेळांतला दुसरा धोका पैशाचा. खेळ फुकट, पण पोशाख, बंदुकीचा रंग, नाचाच्या अदा यांना पैसे. फ्री फायरमधल्या 'डायमंड'साठी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उचलून मिळवलेली मजुरी घालणारी पोरे आहेत. याहून भयंकर होते ते पैसे लावून खेळायचे रमी आणि तीन पत्तीचे ॲप. नामांकित चेहरे त्यांच्या जाहिराती करीत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची संमती झाली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे योग्यच झाले. पण कायद्याने दुकान बंद झाले तरी सवय बंद होत नाही. आडवाटेने जुगाराला बोलावणारे संदेश मोबाइलवर अजून येतात.

धम्मबांधवांनी येथे तथागतांचे मार्गदर्शन आठवावे. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणाऱ्याच्या वाट्याला झुरणे, हातचा पैसा जातो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि सोयरिकीला कोणी उभे करीत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी घेऊन आज कुठल्याही वस्तीत जा, सहाच्या सहा तोटे भोगणारे घर सापडेल. भिक्खूंनी टाळायच्या खेळांची वेगळी यादी ब्रह्मजाल सुत्तात आहे. तीत आठ आणि दहा घरांचे पट, फासे, इतकेच काय खेळण्यातला नांगर आणि धनुष्यही आहे. पण ती शिस्त भिक्खूंची. गृहस्थाला अधोगतीचे दार म्हणून दाखवला तो जुगार, लेकरांचा पट नव्हे. म्हणून चळवळीनेही खेळ आणि जुगार यांत फरक करावा, सरसकट मोबाइल फोडा असा उपदेश करू नये.

आता विचारांचा प्रश्न. २०२० साली पुण्यातल्याच एका कंपनीने 'राजी' नावाचा खेळ काढला. त्याचे जगभर कौतुक झाले. आम्हीही तो आवडीने खेळलो. चित्रे देखणी आहेत, आणि नायिका राजकन्या नसून कसरती करून पोट भरणारी मुलगी आहे, ही गोष्ट आम्हाला मनापासून भावली. आमच्या नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव होऊनही अखेरचे दिवस हलाखीत काढून २००२ साली गेलेल्या विठाबाई नारायणगावकर याच मातीतल्या. कलेवर जगणाऱ्या बाईचे जिणे काय असते, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण राजीच्या गोष्टीत ते जिणे कुठे आहे? तिला गावकुसाबाहेर कोण ठेवते, तिच्या जमातीला गुन्हेगार कोण ठरवते, हे प्रश्न खेळात येतच नाहीत. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णू वाट दाखवतो आणि तिचा शत्रू कोण? महाबलासुर! म्हणजे पुन्हा असुरच. ज्या पुण्यनगरीत महात्मा जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून बळीराजाची बाजू मांडली, राक्षस म्हणजे रक्षक असे ठणकावून सांगितले, त्याच नगरीत तयार झालेल्या खेळात भटक्यांची पोर असुरांना मारत सुटते. खेळ करणाऱ्यांनी हे वाईट हेतूने केले असे आम्ही म्हणत नाही. त्यांना घरात जी गोष्ट मिळाली ती त्यांनी सांगितली. आमचा सवाल असा की, आपल्या घरातली गोष्ट कोण सांगणार?

परदेशी कंपन्यांनी आपल्या इतिहासाला दिलेली जागाही पाहण्यासारखी आहे. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागाला २०२२ साली भारतीय राजवटींची जोड मिळाली. त्यात देवपाल आहे. नालंदेच्या विहाराला गावे दान देणारा हा पालवंशीय बौद्ध राजा आमच्या किती शालेय पुस्तकांत भेटतो? या खेळात एक साधू असतो. तो मंत्र म्हणतो आणि काही सेकंदांत शत्रूचा शिपाई रंग बदलून आपला होतो. आम्हाला हसू आले. परमपूज्य बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची, चर्चेची, लाखोंची मने तयार करण्याची होती. मंत्र मारून माणूस बदलतो असे मानणाऱ्यांना धर्मांतर म्हणजे आमिष किंवा जादू वाटते. आमच्या मुलांना यातला फरक सांगावा लागेल.

'सिव्हिलायझेशन' नावाचा खेळ १९९१ पासून निघतो. त्यात खेळणारा एखाद्या देशाचा नेता होऊन नगरे वसवतो. पहिल्यापासून सहाव्या भागापर्यंत भारताचा नेता म्हणून गांधी होतेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या सातव्या भागात सम्राट अशोक दोन रूपांत भेटतो, एक जग जिंकणारा आणि एक जगाचा त्याग करणारा. त्यागी अशोक निवडला तर प्रजा जितकी समाधानी तितके नगरात अन्न वाढते. आम्ही तोच निवडला आणि युद्ध टाळून बराच काळ राज्य चालवले. धम्माचे राज्य ही दुबळेपणाची गोष्ट नाही, हे खेळाच्या गणितातही मांडता येते, याचा आम्हाला आनंद झाला. पण खंत अशी की, हे मांडले परदेशी माणसांनी. अशोकचक्र ज्यांच्या ध्वजावर आहे त्या देशातल्या कंपन्यांना ते सुचले नाही.

आणि साहित्य तर आमच्या पायाखाली पडले आहे! जुन्नरभोवतीच्या डोंगरांत तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री अशी बौद्ध लेण्यांची रांग आहे. लेण्याद्रीच्या ज्या गुहेत आज अष्टविनायकाची रांग लागते तो मुळात भिक्खूंचा विहार होता. इथले शिलालेख वाचा. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी त्यात आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. यवनांनी दिलेला भोजनमंडप आहे, पाण्याची टाकी आहेत. ज्या बांबूकामाला पुढे हलके ठरवले गेले, त्या कामाची माणसे इथे मानाने कोरली गेली. नाणेघाटात तर खडकावर कोरलेले खेळाचे पट आजही दिसतात. व्यापारी आणि वाटसरू तिथे बसून डाव मांडत असावेत. व्हिडिओ गेम परदेशातून आला असेल, पण पट मांडण्याची कला या घाटाला नवी नाही.

कल्पना करा. कोकणातून माल घेऊन नाणेघाट चढायचा, जकात भरायची, पावसाळ्यात लेण्यात थांबायचे, नफ्यातून पाण्याचे टाके खोदायचे. टाक्याचे पाणी जितक्या जास्त लोकांना खुले, तितके गुण जास्त. हा खेळ खेळलेल्या मुलाला २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह समजायला किती वेळ लागेल?

असा खेळ करायला कोट्यवधी रुपयेच हवेत असे नाही. गोडो हे खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे, चित्रांसाठी ब्लेंडर मोफत आहे. खोडदची दुर्बीण वापरायला जगातले शास्त्रज्ञ याच तालुक्यात येतात, मग इथल्या पोराला हे जमणार नाही असे कोण म्हणतो? मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगावच्या विहारांत जयंतीचा खर्च ठरतो तेव्हा एक रकाना वाढवावा. डीजेच्या एका रात्रीच्या पैशात एक चांगला वापरलेला संगणक येतो. तो विहारात ठेवावा. पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी महिन्यातले दोन रविवार गावाला द्यावेत. जी पोरे बंदुकीच्या खेळात तासन्‌तास घालवतात त्यांना खेळाचे नियम कोडमध्ये कसे लिहितात ते शिकवावे. मुलींना पुढे बसवावे, कारण घरातला एकमेव मोबाइल त्यांच्या वाट्याला सर्वांत शेवटी येतो.

मनूने जो पट मांडला त्यात आपण कोणत्या घरात बसायचे हे आधीच ठरवलेले होते. बाबासाहेबांनी त्या पटावर चांगली चाल शोधली नाही, तर संविधान लिहून नियमच बदलले. त्यांच्या लेकरांनी दुसऱ्याच्या बेटावर छत्रीने उतरण्यात आयुष्य घालवू नये. खेळा जरूर, पण आता खेळ लिहायलाही बसा. जय भीम!