पंचनामा आधी, निकाल मागाहून

पनवेलच्या बहुपडदा चित्रपटगृहात एखाद्या गाजलेल्या भयपटाचा दुसरा भाग पाहून संध्याकाळच्या गाडीने नागोठण्यास उतरलेला तरुणांचा घोळका स्थानकाबाहेर पडून बाजारपेठेच्या वाटेला लागेपर्यंत त्या चित्रपटाचा निकाल लागून गेलेला असतो, आणि तो निकाल बहुधा दोन शब्दांपलीकडे जात नाही: ‘एक नंबर’, ‘टाइमपास’, ‘बंडल’, फार झाले तर ‘पैसा वसूल’. चहाच्या टपरीवर कोणी वडीलधाऱ्याने विचारलेच, “काय रे, कसा होता पिक्चर?” तर “पहिल्यासारखा नाय, काका; पण दोनदा टरकलो,” एवढे उत्तर मिळते. त्याच टपरीवर बसलेल्या दुसऱ्या कोणी आदल्या रात्री घरी मोबाइलवर एखादा अनुबोधपट पाहिलेला असेल, तर “विषय चांगला आहे, सगळ्यांनी बघायला पाहिजे,” असे म्हणून तोही थांबतो.

ही दोन उत्तरे मला फार दिवस विचारात पाडीत आली आहेत. भयपटाचे मोजमाप प्रेक्षक किती वेळा दचकला ह्यावरून करायचे आणि अनुबोधपटाचे त्याच्या विषयाच्या थोरवीवरून, ही आपली रूढ पद्धत आहे. परंतु दचकणे ही प्रेक्षकाच्या शरीराची हकिकत झाली, आणि विषय तर चित्रपट निघण्यापूर्वीही जगात होताच. पडद्यावर जे प्रत्यक्ष घडले, ज्या क्रमाने आणि ज्या उजेडात घडले, त्याविषयी दोन्ही उत्तरांत एक अक्षर नाही. घरात पुराचे पाणी शिरल्यावर तलाठी नुकसानीचा आकडा लिहिण्याआधी भिंत कुठे खचली, धान्य किती भिजले हे डोळ्यांनी पाहून पंचनामा करतो. चित्रपटाविषयीच्या आपल्या बोलण्यात नेमका तो पंचनामाच वगळला जातो आणि एकदम निकाल दिला जातो.

वस्तुतः कोकणातल्या माणसाला भयपटाविषयी अधिकाराने बोलता यावे अशी त्याची पूर्वतयारी आहे. मुंजा, वेताळ, हडळ, खवीस, समंध, चकवा ह्या साऱ्यांची स्थाने, वेळा, स्वभाव आणि मागण्या त्याने लहानपणापासून ऐकलेल्या असतात, आणि त्यांच्या त्या जगाला स्वतःचा असा कायदा असतो. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ हा चित्रपट 2024 साली आला, तो आमच्या आळीतल्या एका आजींनी नातवंडांबरोबर टीव्हीवर पाहिला. मुलांना त्यातल्या संगणकाने घडवलेल्या पिशाच्चाची गंमत वाटत होती. आजींचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. “मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला ना पोरगा, मग लग्नाचा हट्ट धरणारच तो,” असे त्या म्हणाल्या, आणि पुढे शेवटपर्यंत तो हट्ट चित्रपटाने कसा निभावला एवढेच त्या पाहत राहिल्या. ह्या एका वाक्यात कथानकाचे मूळ कारण हाती धरलेले होते. ‘व्हीएफएक्स भारी आहेत’ ह्या अभिप्रायापेक्षा मला तो अभिप्राय शतपटीने मोलाचा वाटतो, कारण त्यात भुताची मागणी काय आणि ती का, हा भयकथेचा पहिला प्रश्न विचारलेला आहे.

भयपटाचा दुसरा भाग काढणे हे मोठे कठीण कर्म आहे, आणि ते का कठीण आहे हे समजून घेतल्यावाचून त्याच्या यशापयशाविषयी बोलणे व्यर्थ होय. भीती अज्ञानावर जगते. दाराआड काय आहे हे ठाऊक नसते तोवरच दार भयंकर असते, आणि पहिल्या भागाच्या शेवटी ते दार उघडून झालेले असते. मग दुसऱ्या भागाच्या कर्त्यापुढे दोनच वाटा उरतात: तेच भूत अधिक संख्येने, अधिक रक्तपाताने, अधिक गोंगाटाने पुन्हा आणणे, किंवा भूत तेच ठेवून त्याच्याविषयीचा प्रश्न बदलणे. जेम्स व्हेल ह्या दिग्दर्शकाने 1931 साली ‘फ्रँकेनस्टाइन’ काढला आणि 1935 साली ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन’; पहिल्यातला मुका राक्षस दुसऱ्यात बोलू लागतो, सोबतीची याचना करतो, आणि ज्याला आपण भ्यालो त्याची आपल्याला कणव येऊ लागते. जाणकार आजही दुसऱ्या भागाला पहिल्याच्या बरोबरीचा, किंबहुना त्याहून सरस मानतात, ते ह्याचमुळे. आपल्याकडे ‘स्त्री’ (2018) आणि ‘स्त्री 2’ (2024) ह्यांच्या दरम्यानही असाच पालट घडला. पहिल्या भागात जिच्या भयाने पुरुष रात्री घराबाहेर पडत नव्हते, तिचाच दुसऱ्या भागात गावाला आधार वाटू लागतो. ‘स्त्री 2’ मधला गोंगाट मला रुचला नाही, पण ही कल्पना मात्र खरी आहे.

महेश कोठारे ह्यांचा ‘झपाटलेला’ 1993 चा आणि त्याचा दुसरा भाग 2013 चा. मधल्या वीस वर्षांत तंत्र पुढे गेले होते, दुसरा भाग त्रिमितीत निघाला, झपाटलेला बाहुला तात्या विंचू परत आला. पण पहिल्या भागाचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे 2004 साली निवर्तले होते. पहिल्या चित्रपटाचे सारे रहस्य, माझ्या मते, बाहुल्यात नव्हतेच. बाहुला हललेला आपण पाहिला आहे आणि आपल्यावर कोणीच विश्वास ठेवीत नाही, अशा कात्रीत सापडलेल्या एका साध्या माणसाच्या चेहऱ्यावर ते होते. पडद्यातून प्रेक्षकाच्या अंगावर वस्तू आणता येतात. तो चेहरा आणता येत नाही. दुसरा भाग ‘पहिल्यासारखा नाही’ असे म्हणणारा प्रेक्षक हेच जाणत असतो, फक्त नेमके काय गेले ते तो बोलून दाखवीत नाही.

विशाल फुरिया ह्यांच्या 2017 च्या ‘लपाछपी’चे उदाहरण ह्याहून अधिक बोलके आहे. गर्भवती स्त्री, एकाकी घर आणि भोवती उसाचा फड. अंधार नव्हे, तर भर दुपारचे ऊन आणि पात्यांची सळसळ ह्यांतून तिथे भय उभे राहते, आणि त्या भयाच्या मुळाशी स्त्रीभ्रूणहत्येचे पातक असते. त्याच दिग्दर्शकाने तोच विषय 2021 साली ‘छोरी’ ह्या नावाने हिंदीत आणला आणि 2025 साली ‘छोरी 2’ काढला. दुसऱ्या भागात कथा जमिनीखालच्या काळोख्या वाटांत उतरते, आणि उघड्या रानातल्या त्या दुपारचे भय, जे मराठी प्रेक्षकाने आपल्या शिवारात कधी ना कधी अनुभवलेले असते, ते मागे राहते. विषयाची तळमळ कायम असूनही चित्रपट का फिका वाटला, ह्याचे कारण मला तरी तिथे सापडते.

आणि ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे ह्यांचा हा 2018 चा चित्रपट, ज्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देते आणि ज्याच्या मुळाशी नारायण धारपांच्या भयकथेचा संस्कार आहे, तो प्रदर्शित झाला तेव्हा थोड्यांनीच पाहिला. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला त्याने जमविला, आणि हे घडले मुख्यतः एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. त्यातले एक दृश्य जवळून पाहण्याजोगे आहे. चित्रपटाचा नायक विनायकराव दोराला धरून विहिरीसारख्या एका गर्भात उतरतो, स्वतःभोवती पिठाचे रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे ठेवतो. तिथला भुकेला दैत्य हस्तर ती खावयास झडप घालतो, आणि तेवढ्या अवकाशात विनायकराव त्याच्या लंगोटातून मोहरा ओढून घेतो. जितक्या बाहुल्या, तेवढीच संधी. शेवटी लोभापायी बापलेक एकदम पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात. भयपटाचा पुढचा भाग काढू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य पुनःपुन्हा पाहावे असे मला वाटते. ‘तुंबाड’च्या दुसऱ्या भागाची घोषणाही त्याच सप्टेंबरात झाली, आणि राही बर्वे त्यात नाहीत, म्हणूनच तो आला म्हणजे पहिल्या दिवशी पाहून बाहेर पडणाऱ्यांनी ‘एक नंबर’ की ‘बंडल’ एवढेच न सांगता त्यात बाहुल्या वाढविल्या की प्रश्न बदलला, हे सांगावे. रहस्य मात्र कोणी फोडू नये. हिचकॉकने 1960 साली ‘सायको’ लागला असता खेळ सुरू झाल्यावर कोणास आत सोडू नये असा दंडक घातला होता, त्यामागेही ज्याने अजून पाहिलेले नाही त्याच्या अज्ञानाचा मान राखण्याचीच बुद्धी होती.

अनुबोधपटाकडे वळताना सूर बदलावा लागतो, कारण आपल्या भूमीत चलच्चित्राचा आरंभच त्या मार्गाने झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, ह्यांनी 1899 साली मुंबईच्या हँगिंग गार्डनवर एका कुस्तीचे चित्रण केले, आणि केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचे 1901 सालचे स्वागतही टिपून ठेवले. दादासाहेब फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घालण्याआधी वाटाण्याचे रोप बीजातून कसे वर येते हे दिवसामागून दिवस एकेक चौकट टिपून दाखविले होते. इतका जुना आणि सन्मान्य वारसा असूनही आपण अनुबोधपटाविषयी ‘विषय चांगला आहे’ एवढेच का म्हणतो? मला वाटते, ह्याचे एक कारण सरकारी आहे. 1948 साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले, आणि मुख्य खेळाआधी त्याचा अनुबोधपट अथवा वार्तापट दाखविणे ही चित्रपटगृहाच्या परवान्याचीच अट होऊन बसली. त्या खात्याने कित्येक उत्तम चित्रे दिली हे खरे. पण सक्तीने दाखविलेली वस्तू आणि दफ्तरातला हुकूम ह्यांत प्रेक्षकाने भेद केला नाही. तो बाहेर चहा पीत उभा राहिला, आणि ‘खरा पिक्चर’ सुरू झाल्यावर आत गेला. दोन पिढ्यांत ती सवय हाडीमासी खिळली.

अनुबोधपट सत्य दाखवितो म्हणून तो आपोआप चांगला ठरत नाही. त्याचा कर्ता काय दाखवायचे आणि कोणास बोलू द्यायचे ह्याची निवड करीत असतो, आणि त्या निवडीविषयी बोलणे हाच खरा अभिप्राय. 1989 च्या जुलैत अंबा नदीला आलेला महापूर, ज्याने वर जांभूळपाड्यास आणि खाली नागोठण्यास हाहाकार माजविला, त्यावर कोणी अनुबोधपट करील तर तो दोन तऱ्हांनी करता येईल. निवेदक पाण्याची उंची आणि मदतीचे आकडे सांगत जाईल. किंवा जिच्या घरात पाणी शिरले तिला भिंतीसमोर उभे करून पाणी कुठवर आले होते ते हाताने दाखवू देईल, आणि ती बोलता बोलता थांबली तरी कॅमेरा थांबविणार नाही. विषय दोहोंचा एकच. चित्रपट मात्र दोन.

आनंद पटवर्धन ह्यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) मी ज्यांना ज्यांना पाहावयास सांगितला, त्यांतल्या पुष्कळांनी त्याच्या तीन तासांहून अधिक लांबीची तक्रार केली. त्या चित्रपटाच्या मुळाशी असलेली घटना अशी: 11 जुलै 1997 रोजी मुंबईतील रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मृत्युमुखी पडली, आणि ते दुःख सहन न होऊन शाहीर विलास घोगरे ह्यांनी गळफास लावून घेतला. ह्याच घोगऱ्यांना पटवर्धनांनी 1985 च्या आपल्या ‘हमारा शहर’मध्ये गाताना टिपले होते. मृत्यूनंतर तो जुना आवाज नव्या चित्रपटात उमटतो तेव्हा प्रेक्षकास जे वाटते ते कोणत्याही कल्पित भूतकथेला साधणारे नाही. आणि चौदा वर्षे चित्रण करीत राहणाऱ्या कर्त्याने तीन तास मागितले ते का, हेही तिथेच उमजते. अनुबोधपटाचा दुसरा भाग काळ स्वतः लिहितो. इंग्लंडात 1964 साली सात वर्षांच्या काही मुलांना कॅमेऱ्यापुढे बसविले गेले, आणि मायकेल अॅप्टेड ह्यांनी दर सात वर्षांनी त्याच माणसांकडे परत जात 2019 पर्यंत ती मालिका चालविली. त्यात कोणी भूत आणले नाही, पण एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जाताना मधली सात वर्षे नाहीशी झालेली पाहून अंगावर काटा येतो. भयपटाच्या कर्त्यांना मनुष्याच्या वयाचा असा उपयोग क्वचितच सुचला आहे.

ह्या विवेचनातून व्यवहारात काही उतरावे अशी माझी इच्छा आहे. मुंबईत प्रभात चित्र मंडळ 1968 पासून चित्रपट एकत्र पाहून त्यावर बोलण्याचा परिपाठ चालवीत आले आहे. त्यासाठी महानगरच लागते असे नाही. नागोठणे, रोहे, पेण येथल्या एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा वाचनालयाच्या खोलीत एक भिंत, एक प्रक्षेपक आणि दहा-पंधरा माणसे पुरतात. आरंभ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया ह्यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ने करावा, महाराष्ट्रातल्या जत्रांतून तंबू ठोकून खेळ दाखविणाऱ्या फिरत्या टॉकीजवाल्यांचा हा अनुबोधपट 2016 साली कान येथील महोत्सवात गौरविला गेला, आणि ज्यांनी जत्रेतला तंबू पाहिला आहे अशी माणसे आपल्या गावात अजून आहेत, त्यांना त्यात बोलण्यासारखे पुष्कळ सापडेल. पुढच्या खेपेस ‘लपाछपी’ लावावा. खेळ संपल्यावर दिवे लावून प्रत्येकाने, आवडला की नाही हे सांगण्याच्या आधी, आपल्या डोळ्यांपुढे राहिलेले एक दृश्य जसेच्या तसे सांगावे, आणि आजींना पहिल्यांदा बोलू द्यावे.